औषधाचे वाटे

आगबोट भाऊच्या धक्क्याला लागली तेव्हा नुकते उजाडले होते. धाकट्या भावाला, दत्तारामला, न्यूमोनिया झाल्याचे कळल्यावर मी शाळेतून रजा घेऊन निघालो होतो. लालबागपर्यंत भिंतीभिंतीवर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा रंगवलेल्या होत्या. वाचत वाचत खोली कधी आली कळले नाही.

दत्ताराम आमच्या गावकऱ्यांच्या खोलीत राहतो. सगळे गिरणीत पाळ्या करणारे. कोणाच्या घरून काही आले की त्याचे वाटे (सारखे हिस्से) होतात. मी नेलेल्या सुक्या बांगड्यांचेही झाले. दत्ताराम मात्र पेज पीत होता. पेनिसिलिनच्या सुईने त्याचे तोंड सुजते, श्वास कोंडतो. म्हणून परळच्या डॉक्टरांनी एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या दिल्या होत्या. ताप उतरला होता.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत ओरडून खोलीतल्या बाकीच्यांचे घसे बसले होते.

"मास्तरांनू, दत्त्याक आता बरा वाटता," शेजारचा बाबल्या म्हणाला. "उरलेल्यो गोळ्यो आमकां (आम्हाला) द्या मां. मुंबय कोणत्या घशान मागूची?"

वडीलधारा म्हणून मीच वाटे घातले. बोटीत माझाही घसा धरला होता. एक गोळी मीही घेतली.

एक-दोन दिवसांतच दत्ताराम पुन्हा फणफणला. छातीतल्या कळेने त्याला बोलवेना. मी परळला धावलो आणि डॉक्टरांना सगळे सांगून टाकले.

"मास्तर, औषध म्हणजे काय प्रसाद आहे? ताप उतरला म्हणून जंतू मरत नाहीत. अर्ध्यावर सोडलं की उरलेले पुन्हा उठतात. आणि ओरडून बसलेल्या घशाला या गोळीचा काय उपयोग? शिवाय ही गोळी यकृताला बाधू शकते. गोळी घेतलेल्यांपैकी कुणाला कावीळ होऊन गेली आहे?"

"बाबल्याला."

"त्याला आधी पाठवा."

मी तसाच खोलीवर जाऊन बाबल्याला तपासायला घेऊन आलो. सुदैवाने त्याला काही झाले नव्हते. दत्तारामला गोळ्या नव्याने सुरू झाल्या आणि त्या वेळेवर देण्याचे काम मी कोणाला करू दिले नाही. तो उठून बसू लागला, तशी बाबल्याने मला गिरगाव दाखवले, पियूष पाजले. "ह्येचे वाटे घालू नकात हां!" असे म्हणून तो एवढा हसला की मलाही हसू आले.

शेवटची गोळी घेऊन झाल्यावर डॉक्टरांनी छाती तपासली. साफ होती.

निघताना मी दत्तारामची क्षमा मागू लागलो. तो म्हणाला, "दादा, तू नाय वाटलं असतंस, तर मीच वाटून टाकलं असतंय."

बोटीवर तेच मनात घोळत राहिले. त्या खोलीत माणसे वाटून खातात म्हणून तगतात. ती रीत सुटू नये. पण आजाऱ्याची गोळी त्या रीतीत बसत नाही, एवढे मात्र मी आता गावात घरोघर सांगणार आहे.