दादाच्या गच्चीवरचा डबा

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावरच चिडून बसले होते. रविवार होता. "येत्या रविवारी येतो आणि तुझा सेट जिवंत करतो, तोवर कशाला हात लावू नकोस," असं बजावून तो आठवड्यापूर्वी गेला होता, आपला लॅपटॉप माझ्याच टेबलावर ठेवून. मी भरताची वांगी भाजली, कळण्याच्या भाकरीचं पीठ मळलं, आणि जेवायची वेळ टळून गेली तसा माझा पारा चढायला लागला. फोन वाजला तेव्हा म्हटलं, आली सबब! पलीकडे भाचा होता, नितीन. सुरतेत वाढलेला, मला आत्या न म्हणता फोईच म्हणतो. "फोई... पप्पा नथी रह्या." सकाळी आंघोळीला गेला तो तिथेच कोसळला, म्हणे. माझ्या हाताला पीठ होतं. ते तसंच घेऊन मी कतारगामला दादाच्या घरी गेले, रिक्षात बसल्यावर ते दिसलं.

आम्ही मूळचे अमळनेरकडचे. दादा लहान वयात सुरतेला कापडाच्या लूमवर लागला, पुढे लूमचा फिटर झाला, आणि मला त्यानंच शिकवून शाळेत बाई केलं. आमचे हे गेल्यापासून मी कामरेजला एकटी राहते. मागे तापीला मोठा पूर आला तेव्हा फोन मुके झाले होते. दादाच्या गल्लीत कमरेएवढं पाणी आणि माझी काहीच खबर नाही... माणूस पाण्यातून चालत माझ्याकडे निघाला होता, लोकांनी धरून आणला. ती धास्ती त्याच्या मनातून कधी गेली नाही. निवृत्तीनंतर कुठून तरी त्याला या छोट्या रेडिओंचा नाद लागला. काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा सेट, त्याला अँटेना. ना सिम, ना कंपनी. फोनवर निरोप लिहायचा, सेट तो हवेत सोडतो, वाटेतला दुसरा सेट झेलून पुढे ढकलतो. एक त्यानं स्वतःच्या गच्चीवर सोलरच्या पट्टीसह डब्यात बसवला, एक वराछाच्या मित्राकडे, तिसरा माझ्याकडे. "फोन काय मेलाय का तुझा?" मी म्हणाले. "मरतो ना! मरताना सांगून मरतो का?"

झालं, तेव्हापासून रोज दिवेलागणीला सेट टिंग करायचा. एकच निरोप, आमच्या अहिराणीत: "जेवनी का?" मी लिहायची, "जेवनी." निरोप पोचला की बाजूला बरोबरची खूण उठते, ती पाहून तो खूश. एकट्या बाईला स्वयंपाकाचा कंटाळा येतो, कधी चहा-बिस्किटावर भागवते. तरी मी "जेवनी" लिहायची. कसं कोण जाणे, त्या मेल्या यंत्रातूनही त्याला कळायचं! लगेच फोन यायचा, "खोटं बोली ऱ्हायनी तू! काय जेवनी, सांग." मग पातेलं चढवावंच लागायचं.

दसऱ्याला लूमवाले यंत्रांची पूजा करतात. दादानं आयुष्यभर केली, ती सवय रेडिओलाही लागली. गेल्या दसऱ्याला तो ताट घेऊनच आला. सेट पाटावर ठेवला, झेंडूचं फूल, अक्षता, आणि तीन बोटं भरून ओलं कुंकू. मी ओरडले, "अरे, भोकात जाईल ते!" तर म्हणतो, "बेबी, यंत्राला मान दिला की यंत्र दगा देत नाही." मग माझ्याच कपाळाला उरलेलं कुंकू लावायला निघाला, आणि एकदम थांबला. मी विधवा, ते त्याला आठवलं असावं. आणि मग लावलंच.

दिवाळीनंतर सेटमध्ये नवीन सॉफ्टवेअर भरायची टूम निघाली. स्वतःच्या सेटवर त्यानं भरलं, ते बिनबोभाट झालं. माझ्या सेटचं बटण दाबून धरलं, लॅपटॉपची वायर लावली, भरल्याचा आकडा अर्ध्यापर्यंत चढला आणि ठप्प. पडदा काळा. पुन्हा केलं, पुन्हा तेच. अर्धवट भरलेला सेट ना जुना राहिला ना नवा. दादानं वायर बदलली, म्हणाला ही नुसती चार्जिंगची असेल. लॅपटॉपचं भोक बदललं. भरायचा वेग कमी केला. वायरला शिव्या घातल्या, लॅपटॉपला घातल्या, शेवटी मला, "तूच कुठंतरी पाडला असशील!" मी म्हटलं, "तुझं तूच बघ, मला नको तुझं खेळणं." तेवढ्यावरच तो उठून गेला, रविवारचा वायदा करून.

तेराव्यानंतर वहिनी म्हणाली, "नितीन मला बडोद्याला नेतोय, घर रिकामं करायचंय. वरचा डबा काढून टाकायचा का?" तो डबा अजून चालू होता. दादा नव्हता, पण त्याचा सेट गच्चीवर उन्हावर जगत होता, आणि माझा इथे मेलेला. "थोडं थांबा," एवढंच म्हणाले. डबा उतरायच्या आत मला त्याला एकदा तरी निरोप पाठवायचा होता. घरी येऊन लॅपटॉप उघडला. हात लावू नकोस म्हणाला होता, लावला. बटण, वायर, आकडा... पुन्हा अर्ध्यावर ठप्प. वायर जराशी हलत होती, पूर्ण आत बसतच नव्हती. चष्मा लावून खिडकीशी गेले आणि दात कोरायच्या काडीनं सेटचं भोक टोकरलं. काडीला लाल लागलं. अजून टोकरलं. वाळलेल्या कुंकवाची खपली निघाली, मागोमाग तांदळाची एक कणी.

मी एकटीच इतकी हसले! "मी म्हटलं नव्हतं?" असं मोठ्यानं बोललेसुद्धा. आयुष्यात पहिल्यांदा दादापुढे मी खरी ठरले होते आणि हे सांगायला कोणी नव्हतं. मग रडले, चांगली पोटभर रडले. डोळे पुसून पुन्हा वायर लावली. या वेळी आकडा पार शेवटापर्यंत गेला, पडदा उजळला, आणि थोड्या वेळानं यादीत त्याच्या सेटचं नाव आलं: दादा. मी लिहिलं, "तुझंच कुंकू होतं रे." बरोबरची खूण उठली.

पुढच्या आठवड्यात घराची किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली. डबा नितीननं उतरवला आणि मी मागून घेतला. आता दोन्ही सेट माझ्या खिडकीत शेजारी शेजारी असतात, मध्ये वीतभरही अंतर नाही. दिवेलागणीला टिंग होत नाही, तेव्हा मीच लिहिते, "जेवनी." शेजारच्या सेटचा दिवा लुकलुकतो, खूण उठते. काल मला काही करावंसंच वाटलं नाही. चहा घेतला आणि "जेवनी" लिहून टाकलं. खूण लगेच उठली. फोन हातात घेऊन मी बराच वेळ बसून होते.