बिनघुंगराच्या गाड्या

कामथडीच्या एका गाडीवाल्याचा तांबडा बैल आम्ही पाडला आन् पत्र्या मारायला घेतल्या. हसनदादांबरोबर केलेलं माझं शेवटचं काम ते. काम नेहमीचंच. बैलाचे पाय कासऱ्यानं बांधायचे, खूर तासायचा, लोखंडी पत्री ठेवून खिळे ठोकायचे. हे सगळं दादांनीच मला तरुणपणी शिकवलं. त्यांची नजर मंदावली तशी हातोडी माझ्याकडं आली आन् ते बैलाच्या मुंडक्याशी बसायला लागले.

मुंडक्याशी बसणाऱ्यानं बोलत राहायचं, ही त्यांची रीत. घरचं, दारचं, पिकापाण्याचं ते बैलाच्या कानाशी सांगत बसायचे आन् बैल गप पडून राहायचा. माझ्या ओठांत खिळे धरलेले, म्हणून मी मुका. "ह्या गेनबाचं तोंड खिळे ठेवायलाच केलंय बाबा," असं बैलाला सांगायचे. माझी बायको गेली त्या वर्षी दादा लई बोलले. बैलाशीच, पण मला ऐकू येईल असं.

त्या दिवशी बैल उसळला. पाय दाबायला दादा पुढं वाकले, आन् खुरातनं बाहेर आलेलं खिळ्याचं टोक त्यांच्या तळहातात घुसलं. काम तिथंच थांबलं. बैलाच्या खुरात काही घुसलं की आम्ही जे करतो तेच त्यांच्या हाताला केलं. गरम तेल सोडलं आन् घाण जाऊ नये म्हणून वरनं डांबरानं भोक बुजवलं. बैलाला चालतं ते माणसाला चालंल, असं आम्हा दोघांनाही वाटलं.

आठवड्यानं दादांना भाकरी चावेना. दाढ असंल म्हणून लवंग धरली. मग मान ताठली. तोंड दोन्हीकडं ओढलं गेलं, हसल्यासारखं. शेजारी म्हणाले, दादा आज खुशीत दिसतात.

भोरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हात बघितला, डांबर बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. रागावले न्हाईत. म्हणाले, "हा टेटॅनस आहे. आपण धनुर्वात म्हणतो तो. शेणमातीतलं विष आत गेलं आणि तुम्ही वरून झाकण लावलंत."

त्यांनी समजावून सांगितलं. जबडा मिटतो. अंग धनुष्यागत वाकतं. आवाज झाला, उजेड पडला, कुणी हात लावला की झटका येतो आन् श्वास कोंडतो. पुण्याहून सीरम मागवलं. सीरम म्हंजे त्या विषावर टोचायचं औषध. ते टोचल्यावरसुद्धा अंधार पाहिजे आन् शांतता पाहिजे. "तुम्ही दारात बसा. कुणाला बोलू देऊ नका. तुम्हीही बोलू नका."

बसलो. आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हंजे वैर धरणं. सगळा बाजार लोटला. मी एकेकाला हातानंच परत धाडलं. शिवऱ्याहून दादांची बहीण आली, जैनबआक्का. "भाऊ माझा, आन् दाराचं कुलूप तू का रे?" म्हणाली. मी डॉक्टरांचं सांगणं तिच्या कानात सांगितलं. तशी ती बांगड्या वाजू नयेत म्हणून हात पदरात गुंडाळून पडवीत बसून राहिली.

दवाखाना रस्त्याला लागून. बाजाराच्या दिवशी गाड्यांची रांग लागणार, घुंगरं वाजणार. मी पुढं जाऊन एका गाडीवाल्याला सांगितलं. त्यानं मागच्याला सांगितलं. वेल्ह्याकडच्या गाड्यासुद्धा त्या दिवशी बैलांच्या गळ्यातल्या माळा काढून गेल्या. कुणी बैलावर ओरडलं न्हाई. चाकांचा काय आवाज झाला तेवढाच.

सर्व्हिस मोटारीनं सीरम आलं, टोचलं. एका दुपारी झटके जरा कमी झाले. ओला कापूस ओठांना लावायला मी आत गेलो. दादांनी डोळे उघडले. मिटलेल्या दातांमधनं म्हणाले, "गेनबा, बोल की कायतरी."

मी ओठांवर बोट ठेवलं.

त्यांनी डोळे मिटले. तोंड हसरं दिसत होतं. ते हसले का तो आजारच होता, मला आजपातुर कळलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक मोठा झटका आला आन् त्यातच गेले. सगळे चिडीचूप असताना आला. जैनबआक्का आत गेली तेव्हा तिनं पदरातनं हात सोडले. माती द्यायला मीबी गेलो.

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही बरोबर वागलात. बोलला असतात तर त्रासच झाला असता." माणूस भला. सांगितलं ते खरंच असणार. तसं वागलो, त्याचं वाईट वाटत न्हाई. वाईट वाटतं ते दादांनी जन्मात एकदाच माझ्याकडं बोलणं मागितलं, त्याचं.

हे वाचणाऱ्यांना सांगतो. लोखंड लागलं तर जखम बुजवू नका. धुवा आन् त्याच दिवशी दवाखाना गाठा. आन् माणसाशी काय बोलायचं असंल ते तो भाकरी चावतोय तोवर बोला. मागनं डॉक्टर बोलू देत न्हाईत, आन् त्यांचं बरोबर असतं.

माती दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामथडीचा गाडीवाला आला. तांबड्या बैलाचा एक पाय तसाच राहिला होता, बैल लंगडायला लागला होता. "नंतर येऊ का गेनूमामा?" म्हणाला. म्हटलं, पाडा.

मुंडक्याशी कुणी न्हवतं. बैल डोळे फिरवायला लागला. मी डोक्यावरची टोपी काढली, जमिनीवर उलटी ठेवली आन् खिळे तोंडात न धरता तीत ओतले. मग त्या बैलाला सांगायला लागलो, दादा कसे गेले ते, पहिल्यापासनं. सांगत सांगत पत्र्या मारल्या.