पाहुण्यांना वेरूळ दाखवणे

जगाचं भवितव्य आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र आणि शाश्वत विकास यांच्या संगमावर ठरणार आहे. हे मला एम.ए.च्या पहिल्या तासाला सांगण्यात आलं. तो तास व्हरांड्यात झाला, कारण वर्गाची किल्ली शिपाई मामांच्या खिशात होती आणि मामा पुतण्याच्या साखरपुड्याला गेले होते. सरांनी किल्लीचा विषय काढला नाही. ते म्हणाले, "आजचा तास मुद्दाम निसर्गाच्या सान्निध्यात घेतोय." समोर दुचाक्यांचं पार्किंग होतं.

सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. माणूस वाईट नव्हता. त्यांना फक्त कार्यक्रम आवडत. व्यापारशेष, विनिमय दर, आयात शुल्क हे सगळं ते कंटाळत शिकवत, आणि परिषद म्हटलं की त्यांचे डोळे चमकत. शाश्वत विकासावर त्यांचा खरा विश्वास होता, असं मला आजही वाटतं. म्हणून तर त्यांनी सत्कारातले पुष्पगुच्छ बंद करून पाहुण्यांना रोप द्यायची प्रथा सुरू केली. "संदेश जायला पाहिजे," ते म्हणायचे. संदेश जायचा. रोप मात्र जायचं नाही. विमानाने जाणारा पाहुणा कुंडी घेऊन कुठे जाणार? आणि गाडीने जाणाऱ्याच्या गाडीत सीटवर माती सांडायची. सत्कार झाला की पाहुणे कुंडी हलकेच खुर्चीखाली सरकवत आणि चपला घालत. कार्यक्रम संपला की मी त्या कुंड्या गोळा करून व्हरांड्यात नेऊन ठेवायची. पुढच्या पाहुण्याला त्याच. मी रोप समितीची प्रमुख होते. समितीत दुसरं कुणी नव्हतं.

माझ्याशेजारी बसायची ती फुलंब्रीकडच्या एका खेड्यातली. घरात पदवीपर्यंत पोचलेली पहिली. वडील गेलेले, भाऊ वाळूजला कंपनीत, आई गावात दुसऱ्यांच्या शेतावर. ती बोलायची कमी आणि वाचायची जास्त. वसतिगृहात राहायची, पण रविवारी गारखेड्याला आमच्या घरी यायची, कपडे धुवायला. आमच्याकडे नळाला ज्या दिवशी पाणी येणार असेल त्याच रविवारी. असा रविवार क्वचितच जुळायचा, आणि जुळला की आई सणासारखी पहाटेच उठायची.

दुसऱ्या वर्षी आम्हाला प्रत्येकी एक अभ्यास करायचा होता. मी रुपयाच्या घसरणीचा निर्यातीवर होणारा परिणाम असा सुरक्षित विषय घेतला, ज्यावर सगळं आधीच लिहून झालेलं असतं. तिने आलं घेतलं. तिच्या गावात आलं पिकतं, भाव असेल तेव्हा ते परदेशी जातं. त्याला पाणी फार लागतं. नंतर बाजारात न्यायच्या आधी धुवायलाही लागतं. तिचं म्हणणं इतकंच होतं की गाव आल्याच्या पोत्यांतून पाणी बाहेर पाठवतं आणि उन्हाळ्यात तेच पाणी टँकरने परत आणतं, आणि व्यापाराच्या कुठल्याच तक्त्यात हे पाणी दिसत नाही. पहिल्या मसुद्यात तिने लिहिलं होतं: माझी आई दिवसभर आलं धुते आणि संध्याकाळी बुद्धविहारासमोर प्यायच्या पाण्याच्या टँकरची वाट बघते.

सरांनी ते वाक्य काढायला लावलं. "आई नको," ते म्हणाले. "ग्लोबल संदर्भ घाल."

तिने आई काढली आणि ग्लोबल संदर्भ घातला.

त्या वर्षी विभागाने राष्ट्रीय परिषद घेतली. दिल्लीच्या एका संशोधन संस्थेतल्या बाई येणार होत्या. मूळच्या नागपूरच्या, पाण्याच्या अर्थकारणावर काम करणाऱ्या. त्यांना त्यांच्या प्रकल्पासाठी एक विद्यार्थी निवडायचा होता आणि म्हणून दुपारच्या सत्रात त्या स्वतः बसून सगळ्यांची सादरीकरणं ऐकणार होत्या. बाकीच्यांसाठी ही एक संधी होती. तिच्यासाठी एवढीच होती. भावाने औरंगपुऱ्यात एका दुकानात कॉम्प्युटरवर बिलं करायचं काम तिच्यासाठी बोलून ठेवलं होतं. तो फोनवर म्हणाला होता, "परिषद होऊ दे. झालं तर झालं. नाय तर एक तारखेला कामावर ये. लई शिकलीस." तिला त्याचा राग नव्हता. "त्यानं तरी किती दिवस ओढायचं?" ती म्हणायची. तेव्हा परिषद मंगळवारी होती आणि तिचं पुढचं आयुष्य त्या मंगळवारच्या दुपारी.

मंगळवार अशासाठी, की उद्घाटक त्या दिवशी मोकळे होते. मोकळे होते म्हणजे नेमके किती, ते कळायला आम्हाला अख्खी सकाळ लागली. उद्घाटक आले तेव्हा सभागृहातली निम्मी मुलं कॅन्टीनमध्ये होती, त्यांना वळवून आणावं लागलं. मग दीपप्रज्वलन. पंख्यामुळे वात विझायची, पंखा बंद केला तर उद्घाटकांना घाम यायचा. शेवटी मामा समईपुढे परिषदेचा फलक धरून उभे राहिले आणि शाश्वत विकासाचा दिवा त्याच्या आडोशाने पेटला. मग विद्यापीठ गीत. मग सत्कार. व्यासपीठावर खुर्च्या दोन रांगांत होत्या आणि प्रत्येक खुर्चीवरच्या माणसाचा सत्कार व्हायचा होता. जो सत्कार करी त्याचाही नंतर सत्कार होई. मी विंगेतून कुंड्या पुरवत होते. मधेच कुंड्या संपल्या, तेव्हा मागच्या रांगेतल्यांच्या खुर्च्यांखालून काढून पुढच्या रांगेला दिल्या. कुणाच्या लक्षात आलं नाही.

सरांचं प्रास्ताविक झालं. शाश्वत विकास आपल्या संस्कृतीत आधीपासूनच होता, असं ते म्हणाले. उद्घाटकही तेच म्हणाले, जास्त वेळ. दिल्लीच्या बाई शांत बसून होत्या. त्यांनी दोनदा घड्याळ बघितलं. ती माझ्याजवळ विंगेत उभी होती, मुठीत पेन ड्राइव्ह.

"अगं, हात ओला झालाय तुझा, खराब होईल ते," मी म्हटलं.

"होऊ दे. मला पाठ हाय," ती म्हणाली.

जेवण संपता संपता सर बाईंकडे आले. आम्ही ताटं ठेवत होतो, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"मॅडम, आता आपण निघायला हवं. गाडी तयार आहे."

"कुठं?"

"वेरूळ. संध्याकाळचं आपलं विमान. आपल्या शहरात येऊन वेरूळ न बघता कसं जाणार?"

या शहराची ही रीत आहे. व्याख्याता असो, परीक्षक असो, सोयरा असो, पाहुणा आला की त्याला वेरूळला नेतात. त्याला ते बघायचं आहे का, हे विचारणं अपमान समजला जातो. आम्ही स्वतः शाळेच्या सहलीनंतर कधी गेलेलो नसतो. त्यासाठी पाहुणा लागतो.

"पण मुलांची सादरीकरणं?" बाई म्हणाल्या.

"ती आम्ही पीडीएफ करून पाठवतो, मॅडम. निवांत वाचा."

बाईंनी थोडा विरोध केला, पण सर आदरातिथ्याच्या बाबतीत ठाम असत. मग त्यांना आठवलं की बाईंबरोबर कुणीतरी जायला पाहिजे, आणि ते स्वतः तर प्रमाणपत्रं वाटणार होते. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. माझं रोपांचं काम संपलं होतं, आणि हिचं सादरीकरण आत्ताच रद्द झालं होतं.

"तुम्ही दोघी मोकळ्याच आहात," सर म्हणाले. "मॅडमना सगळं नीट समजावून सांगा."

गाडीत ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली आणि मी मागे बाईंजवळ. दौलताबादच्या किल्ल्याच्या दरवाजात ट्रॅक्टर आणि बस समोरासमोर आले होते, तिथे आम्ही बराच वेळ उभे होतो. बाईंना जेवण जड झालं होतं, त्यांनी डोळे मिटले होते. मी पुढे वाकून तिच्या कानात म्हटलं, "आता सांग की. यापेक्षा चांगली वेळ येणार नाही."

"येडी हायेस का? पाहुणीला गाडीत कोंडून परीक्षा द्यायची?"

"मग एक तारखेला बिलं करशील."

"करीन," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत बसली. खुलताबादच्या घाटात रस्त्याकडेला आल्याची हिरवी शेतं होती. तिने त्यांच्याकडेही बोट केलं नाही. मला तिचा भयंकर राग आला. स्वाभिमानाचा पुरवठा जगात इतका असमान का झालेला आहे, यावर कुणी अभ्यास करत नाही.

वेरूळला गाडी थांबली. वाहनतळ रिकामा होता. फाटकाला कुलूप होतं. आतल्या बाजूला पहारेकरी खुर्ची टाकून बसला होता.

"मंगळवार हाय, ताई," तो म्हणाला. "मंगळवारी बंद असतंय."

"दर मंगळवारी?" मी विचारलं.

"दर मंगळवारी."

मी ड्रायव्हरकडे पाहिलं. तो गुलमंडीचा, जन्मापासून याच शहरातला. "मेरेकू क्या मालूम, दीदी," तो म्हणाला. "मैं तो स्कूल में था तब आया था."

बाईंनी डोळे उघडले, कुलूप पाहिलं आणि त्यांचा चेहरा दिवसात पहिल्यांदा प्रसन्न झाला. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "या शहरात आले की मला वेरूळच दाखवतात. कैलास मला आता तोंडपाठ आहे. चहा मिळेल का कुठं?"

फाटकासमोर एक टपरी उघडी होती. आम्ही बाकावर बसलो. टपरीवाला दगडाने आलं ठेचत होता. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. सर होते. त्यांचा आवाज टपरीपर्यंत स्पष्ट येत होता.

"मॅडम, कैलास कसं वाटलं?"

"भव्य," बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला. मग आमच्याकडे वळल्या. "दुपारी तुमच्यातलं कोण काय सांगणार होतं?"

मी रुपयाबद्दल काही न बोलता तिच्या कमरेत कोपर मारलं. ती उठून उभी राहिली, वर्गात उभी राहते तशी.

"बस गं, बस," बाई म्हणाल्या. "पाणी पी आधी."

ती बसली नाही. तिने पाठ केलेल्या इंग्रजीत सुरुवात केली, दोन वाक्यांत अडखळली, थांबली. मग टपरीवाल्याकडे बोट दाखवून मराठीत म्हणाली, "ते आलं ठेचतायत ना, मॅडम, ते माझ्या आईनं धुतलेलं असू शकतं." आणि मग ती बोलत राहिली. ग्लोबल संदर्भ तिने घातला नाही. गावातल्या विहिरी, ठिबक कुणाकडे आहे आणि कुणाकडे नाही, धुण्याच्या पाण्याला कुणी मोजत नाही, टँकर आधी कुठल्या गल्लीत जातो आणि विहारासमोर शेवटी का येतो. टपरीवाल्याने आमचा चहा दिला आणि तोही ऐकत उभा राहिला, गिऱ्हाईक नव्हतंच.

बाई सरळ प्रश्न विचारत होत्या, जरा कडकच. "मग गावानं आलं लावू नये, असं तुझं म्हणणं?"

"तसं मी कुठं म्हणते? आईचा रोज त्याच्यावरच हाय. मी म्हणते, माल मोजता तसं पाणी मोजा. मग ठरवा, काय परवडतं."

"आणि पाणी मोजल्यावर कळलं की परवडत नाही, तर? आईचा रोज?"

तिने टपरीवाल्याच्या ठेचलेल्या आल्याकडे बघितलं. मला वाटलं, संपलं. मग ती म्हणाली, "ते मला अजून माहीत नाय. तेच तर शिकायचंय."

बाईंनी मान हलवली. "हे तुझ्या स्लाइड्समध्ये आहे?"

"नाय. सरांनी आई काढायला सांगितली."

"परत घाल," बाई म्हणाल्या, आणि दुसरा चहा मागवला.

एक तारखेच्या आधीच निवडीचं पत्र आलं. भावाने औरंगपुऱ्याच्या दुकानदाराला जाऊन नाही म्हणून सांगितलं आणि येताना पेढे आणले. सरांना खरोखर आनंद झाला. त्यांनी लगेच सत्कार ठरवला. त्याच सभागृहात, सकाळी. भाषणात ते म्हणाले की त्या दिवशी विभागाने योजनापूर्वक क्षेत्रभेट आखली होती, आणि कैलास लेण्याच्या सावलीत गुरू-शिष्य संवाद घडून आला. मी विंगेत होते. मंगळवारबद्दल मी आजपर्यंत सरांना सांगितलेलं नाही, आणि त्यांनीही विचारलेलं नाही. ते स्वतः वेरूळला शेवटचे कधी गेले, देव जाणे.

तिची आई आली होती. कामाचा दिवस बुडवून, इस्त्रीची पांढरी साडी नेसून, पहिल्या रांगेत. सरांनी तिलाही वर बोलावलं आणि रोप दिलं. आमच्या व्हरांड्यातलं सगळ्यात हिरवं मी निवडून ठेवलं होतं. टाळ्या झाल्या, फोटो झाला. बाकीचे सत्कारमूर्ती आपापल्या कुंड्या खुर्चीखाली सरकवून उतरले. आईने मात्र कुंडी पोटाशी धरली आणि तशीच पायऱ्या उतरली.

"विहारापुढं लावते," ती मला म्हणाली. "पाणी मी घालीन. आमच्या वाटचं थोडं कमी करून."

लेकीने आईच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दोघी दारापर्यंत पोचल्या, तोच मामा मागून घाईने आले आणि आईच्या हातातली कुंडी त्यांनी अगदी अदबीने काढून घेतली. दुपारी त्याच सभागृहात भूगोल विभागाची दुष्काळावर परिषद होती.