चिंधूकाकाचं सुतक

पांढुर्ण्याच्या अलकाला कोर्टानं दंड ठोकला, तो सुतक पाळल्याबद्दल. ऐकणाऱ्याला खोटं वाटेल, पण झालं ते असं.

नवऱ्याशी, दिलीपशी, तिची फारकतीची केस चार वर्षं चालू होती. त्यातली दोन तर आठ वर्षांची पोरगी चंचल कोणापाशी राहील, यातच गेली. सौंसरची बस, पेशी, पुढची तारीख, परतीची बस. अंगणवाडीतली सहायिका ती, रजा तरी किती मागणार? बाई पार थकून गेली होती. शेवटी कोर्टानं ठरवून दिलं. पोरगी आईजवळ राहील, पण दर शनिवारी अकरा ते एक बापाला भेटेल, जामसांवलीच्या मारुतीच्या देवळात. अलकानं पाच महिने एकही शनिवार चुकवला नाही.

मग एका शुक्रवारी सौंसरहून फोन आला. दिलीपचा काका चिंधू गेला. अलका घर सोडून आली, तरी त्या घरातला हा एकच माणूस कोणाला न सांगता पांढुर्ण्याला यायचा, चंचलसाठी पिशवीभर संत्री घेऊन. "मी भांडणात नाही व बाई, मी संत्र्यात आहो," म्हणायचा.

फारकत अजून झाली नव्हती, म्हणजे सून ती त्याच घरची. तिनं दहा दिवस सुतक पाळलं. सुतकात देवळाची पायरी कशी चढायची? त्यात दोन शनिवार गेले. दिलीपला कळवायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. मयत त्याच्याच घरची, तो कशाला जातो देवळात!

पण गेला ना बाप्पा. वकिलानं सांगितलं म्हणून दोन्ही शनिवारी देवळात उभा राहून फोटो काढून आला, आणि अर्ज लावला की बायको मुद्दाम पोरगी दाखवत नाही.

पेशीवर अलकानं सुतकाचं सांगितलं. न्यायाधीश बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "बाहेर उभं राहता आलं असतं. एक फोन करता आला असता," त्या म्हणाल्या. खोटं काय होतं त्यात? हुकूम निघाला. या अर्जासाठी दिलीपला लागलेली वकिलाची फीस, आठ हजार, अलकानं भरायची. आणि पुन्हा एक शनिवार चुकला, तर पोरगी बापाकडे देण्याचा विचार होईल. आठ हजाराचं तिला त्या घडीला काहीच वाटलं नाही. चंचल जाईल, एवढंच कानात राहिलं.

व्हरांड्यात दिलीप समोर आला.

"तू काकाचं सुतक पाळून राहिली होती?"

"तुमी नाही पाळलं?"

त्यानं मान खाली घातली. "वकील म्हणे, हाच मौका हाय. फीस मी देतो, तू भरू नको."

"राहू द्या. हुकूम माह्या नावावर हाय."

तिनं भिशीतून उचल घेऊन फीस भरली.

दोन महिन्यांनी पुन्हा फोन आला. गुरुवार होता. चिंधूकाकाची बायको, कलाबाई गेली. अलकाचं बाळंतपण कलाबाईनंच केलं होतं, चंचलची पहिली आंघोळ तिच्याच हातची. अलका दोन दिवस रडली. पण शनिवारी सकाळी तिनं पोरीची वेणी घातली आणि अकराच्या आत जामसांवली गाठली. बाहेर उभं राहिलं तरी चालेल, असं न्यायाधीश बाई म्हणाल्या होत्या खऱ्या, पण कागदावर 'देवळात' लिहिलं होतं. कागदाशी कोण वाद घालणार? सुतकाच्या अंगानं ती पायऱ्या चढली. मारुतीकडे तिनं पाहिलं नाही.

बारा वाजले, साडेबारा झाले. दिलीप आलाच नाही.

"आई, बाबा काऊन नाही आले?" चंचलनं विचारलं.

"त्यायच्या घरी सुतक हाय," अलका म्हणाली. या खेपेला त्यानं पाळलं होतं.

एक वाजला. अलकाला स्वतःचीच किळस आली, तरी तिनं एका फुलवालीच्या हाती मोबाइल दिला, चंचलला जवळ ओढलं आणि म्हणाली, "मागचं देऊळ दिसलं पाहिजे, ताई."