फळवाटप

आज कुणा साहेबांचा वाढदिवस आमच्या वॉर्डात साजरा झाला. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळणारी ही संस्था. इथे औषध देतात ते दुखणं कमी व्हावं म्हणून, बरं व्हावं म्हणून नव्हे. तरी साहेब प्रत्येक खाटेपाशी थांबून “लवकर बरे व्हा” म्हणत होते आणि एकेक सफरचंद देत होते.

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, घशाचा कॅन्सर आहे. त्याला पाणीसुद्धा नळीतून देतात. त्याच्या हातात सफरचंद आलं तेव्हा फोटोवाला म्हणाला, “काका, जरा हसा की!” दादा हसला. पण साहेबांचे डोळे मिटले होते, म्हणून सफरचंद परत घेऊन पुन्हा देण्यात आलं. आपल्याकडे दान घेणाऱ्याला भूक कुणी विचारत नाही. त्याने फोटोत नीट दिसलं की झालं.

मंडळी गेल्यावर दादाने ते सफरचंद वहिनीपुढे धरलं. त्याला खाता येत नाही म्हणून वहिनी आपला डबा बाहेर जिन्यात बसून खाते, आणि त्याला “भूकच नाही” असं सांगते. त्याला ते कळत असावं. इथेच, माझ्यासमोर खा, असं त्याने खुणेनं सांगितलं.

वहिनीने घास घेतला. रस हनुवटीवर ओघळला. दादा टक लावून बघत होता. कसं आहे, असं त्याने हातानेच विचारलं.

“पिठूळ आहे हो अगदी,” वहिनी म्हणाली. “फुकटचं ते, गोड कुठलं असायला!”

मग पदराने हनुवटी पुसून तिने दुसरा घास घेतला.