बुजलेलं पिल्लू उचलायचं नाही

पेन्शनवर मी कापड्याला परतलो तेव्हा गावाला वाटलं, हवालदार आला, आता लढाईच्या गोष्टी ऐकायला मिळणार. पण मी आर्मीत डॉग हँडलर होतो. नोकरीची सुरुवातीची वर्षं तर बंदुकीपेक्षा पिल्लांचे कान साफ करण्यात जास्त गेली. हे खरं खरं सांगितलं आणि तिथेच चुकलो. "फौजेत गेला नि कुत्री धुवून आला," ही माझी कीर्ती पार पोलादपूरच्या स्टँडपर्यंत पोचली. राग यायचा. पण राग गिळायचं ट्रेनिंगही फौज देतेच.

माझं पहिलं पोस्टिंग उत्तरेकडच्या ब्रीडिंग केनेलला होतं. तिथे नाईक दत्ताराम भेटला. तो महाड तालुक्यातल्या तुडीलचा. परमुलखात आपल्याकडचा माणूस भेटला की अर्धी रजा मिळाल्यासारखं वाटतं. आम्ही दोघं एकाच बराकीत राहिलो आणि एकाच वेळी सुपारीसाठी तरसलो.

सकाळी पीटी झाली की पिल्लांचं ग्रूमिंग. आधी ब्रश, मग डोळे, कान, दात, शेवटी पंजे. पंजा हातात घेऊन नुसता धरून ठेवायचा. पिल्लू ओढेल, चावायला बघेल. सोडायचं नाही आणि दुखवायचंही नाही. उद्या डोंगरात काटा रुतला की त्या कुत्र्याने तोच पंजा आपण होऊन हँडलरच्या हातात द्यायचा असतो. ग्रूमिंगनंतर पिल्लांना जग दाखवायचं. कुकहाऊसमध्ये पातेली आदळतात तिथे, बँडची प्रॅक्टिस चालते तिथे, एमटी यार्डात ट्रक सुरू होतात तिथे. नव्या हँडलरकडे जाण्याआधी पिल्लाचं सगळं बघून झालेलं हवं.

यात दत्तारामचा हात धरणारा कोणी नव्हता. एकदा जनरेटर सुरू झाला आणि एक पिल्लू थरथरायला लागलं. मी त्याला उचलून छातीशी धरलं. दत्ताराम ओरडलाच.

"खाली ठेव रे. उचललंस की त्याला वाटतं, भ्यायचं कायतरी खरंच हाय."

"मग करू काय?"

"पाठ फिरव नि खाली बस. आपण भ्यायलो नाय, ते त्याला आपल्या पाठीवरनं कळतं."

मी बसलो. थोड्या वेळाने पिल्लाचं नाक माझ्या कोपराला लागलं. तेव्हापासून केनेलमधले सगळे तसंच बसायला लागले.

त्याच केनेलमधली टीना नावाची काळी लॅब्रेडॉर दत्तारामला मिळाली. डोळे उघडल्यापासून तिला त्यानेच वाढवलं होतं. पुढे आम्ही काश्मीरला एकाच बटालियनबरोबर गेलो. सकाळी काफिला निघण्याआधी रस्ता तपासायचा, ही आमची ड्यूटी. टीना सर्वांत पुढे, लांब दोरीवर दत्ताराम, मागे अंतर ठेवून आमचा जवानांचा कॉलम.

त्या सकाळी रस्त्याखालच्या एका मोरीपाशी टीना खाली बसली. सुरुंगाचा वास लागला की कुत्रं भुंकत नाही, बसतं. रेडिओवर दत्तारामचा आवाज आला, नेहमीसारखाच.

"डॉग बसली. कॉलम थांबवा. ओव्हर."

"कॉलम थांबला. मागे या. ओव्हर."

"मागे येतोय. आउट."

तेवढ्यात वरच्या झाडीतून फायर आलं. टीनाला गोळी लागली. दत्ताराम तिला उचलायला वाकला आणि दुसरी गोळी त्याला लागली. मोरीखालचा सुरुंग नंतर निकामी केला. कॉलममधल्या एकालाही खरचटलं नाही. त्या कॉलममध्ये मी होतो.

तुडीलला मी दोनदा जाऊन आलो. दत्तारामचे वडील, आबा, यांना मला ही गोष्ट सांगायची होती. दोन्ही वेळा त्यांनी मला चहा दिला आणि भाताच्या पिकाचा विषय काढला. एवढंच म्हणाले, "कुत्र्यापायी पोरगा गेला माझा." चहा संपवून मी परत आलो.

मग आमच्या चिमी कुत्रीला पिल्लं झाली. चिमी गावठी, पिल्लंही गावठी. पण माझं काम तेच. रोज सकाळी काथ्याच्या ब्रशने अंग घासायचं, गोचीड काढायचे, करंजेल लावायचं, पंजे धरायचे.

"माझ्या डोक्याला कदी तेल लावलंत नाय," बायको म्हणायची, "नि कुत्र्यांना करंजेल!"

"तू चावत नाहीस ना," मी म्हणायचो.

"नका लावू, मग दाखवते."

शेजारी कुंपणापलीकडून सांगायचे, "हवालदार, कुत्र्याचं शेपूट नळीत घाला, वाकडं ते वाकडंच." पण पिल्लं त्यांनाच हवी होती. महाडच्या हमीदभाईंनी ट्रकच्या यार्डासाठी एक मागून ठेवलं होतं. "घरात नाही घेता येणार, नमाजाची जागा आहे," ते म्हणाले, "पण यार्डात राजासारखा ठेवीन." आणि तुडीलहून दत्तारामच्या आईचा निरोप आला: त्यातलं एक मला दे.

तिच्यासाठी मी तांबूस मादी ठेवली. ग्रूमिंगला शहाणी, पण आवाजाला बुजरी. म्हणून बाजाराच्या दिवशी तिला हमीदभाईंच्या यार्डात नेलं आणि आईंना तिथेच बोलावलं. आई आल्या. मागोमाग आबाही आले.

"हे बघ," आबा म्हणाले, "हिला काय पण वाटू दे. कुत्रं माझ्या घरात येणार नाय. ते सांगायलाच आलोय."

आईंनी पदर तोंडाला लावला. मी काही बोलणार तोच शेजारच्या ट्रकने ब्रेकची एअर सोडली. फुस्स! पिल्लू दचकलं, गळ्यातल्या दोरीतून मान काढून पळालं आणि एका भरलेल्या ट्रकखाली, मागच्या चाकाशी जाऊन चिकटलं. इंजिन चालू होतं. ड्रायव्हरने रिव्हर्स टाकला होता.

"इंजिन बंद!" मी परेडच्या आवाजात ओरडलो.

इंजिन बंद झालं. क्लीनर काठी घेऊन खाली वाकला. ट्रकच्या पलीकडे फाटक उघडं होतं आणि फाटकाबाहेर हायवे. काठी लागली असती तर पिल्लू सरळ हायवेवर गेलं असतं.

"काठी टाक. कोणी हलू नका."

"उचला रे तिला कुणीतरी," आई रडायला लागल्या.

मी पाठ फिरवून खाली बसलो. पिल्लू आलं नाही. माझाच श्वास चढला होता. पाठ खोटं बोलत नाही. फाटकाबाहेरून गाड्या जात होत्या आणि मला खरंच भीती वाटत होती.

मग माझ्या शेजारी कोणीतरी बसलं. आबा. स्वच्छ धोतरानिशी, त्या डिझेल सांडलेल्या जमिनीवर, ट्रककडे पाठ करून. चंची काढून ते पान जुळवायला लागले, जणू स्वतःच्या ओटीवर बसलेत.

कोणी हललं नाही. पान तोंडात गेलं तेव्हा त्यांच्या कोपराखालून एक तांबूस नाक बाहेर आलं. आबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. नुसता हात तिच्या पाठीवर ठेवला.

"दत्ताराम असंच बसायला शिकवायचा," मी म्हणालो. "केनेलमध्ये सगळ्यांना."

"त्याला मीच शिकवला," आबा म्हणाले. "वासरू बुजलं की गोठ्यात बसायचो आमी दोघं." त्यांनीच पुढे विचारलं, "तिकडं पण असाच बसायचा?"

"असाच."

मग मी त्यांना मोरीची सकाळ सांगितली. या वेळी त्यांनी भाताचा विषय काढला नाही. मागे कॉलम होता आणि त्यात मी होतो, हेही सांगितलं.

आबा पिल्लाच्या कानामागे खाजवत राहिले.

"त्याच्या कुत्रीचं नाव काय व्हतं?"

"टीना."

"टीना," आबा पिल्लाला म्हणाले, "चल गो घरी." आणि उठताना तिला उचललं नाही. ती त्यांच्या मागे चालत गेली.

दरवर्षी दत्ताराम गेला त्या तारखेला मी तुडीलला जातो. ओटीवर दत्तारामचा वर्दीतला फोटो असतो. त्याच्या शेजारी मी दिलेला फोटो, ज्यात टीना त्याच्या पायाशी बसली आहे. तांबूस टीना उंबऱ्यात पसरलेली असते. मी सॅल्यूट करतो. आबा हार घालतात, आणि पहिला हार टीनाच्या फोटोला.

पहिल्या वर्षी आईंनी त्यांना टोकलं होतं, आधी पोराला घाला म्हणून.

आबा म्हणाले, "ती पुढं चालत व्हती."