राणीसाहेबांच्या पायघड्या

लीड्सच्या ज्या हॉस्पिटलात मी फार्मसीत काम करते, तिथेच माझी ही घानाची मैत्रीण लेबर वॉर्डवर मिडवाइफ, म्हणजे सुईण, आहे. कित्येक वर्षं आम्ही दुपारचा डबा एकत्र खातोय. माझी भेंडी ती खाते, तिचा तिखट लाल भात मी. एवढी घसट असून ही बाई राणी आहे हे मला कळलं कधी? तर सगळी सुट्टी साठवून दर उन्हाळ्यात घानाला कशाला पळतेस, म्हणून मी एकदा खोदून खोदून विचारलं तेव्हा!

"मी आमच्या गावची राणी आहे," ती म्हणाली आणि परत भाताकडे वळली.

"काय सांगतेस काय!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या टेबलावरचे डॉक्टर दचकले. तिने फोनवर फोटो दाखवला. डोक्यावर भली मोठी छत्री, हातभर सोनं, अंगावर रंगीबेरंगी विणीचं जाडजूड वस्त्र. आणि चेहरा हाच, मला रोज 'मीठ जास्त झालंय' म्हणणारा! त्यांच्याकडे राणी म्हणजे राजाची बायको नव्हे. राणी घराण्यातून निवडली जाते. गावचा राजा कोण व्हावा हे ती सुचवते, बायकांची गाऱ्हाणी तिच्यापुढे येतात. आधी हिची मावशी राणी होती. मावशी गेली आणि गावाहून हिला फोन आला.

"मी रडले," ती म्हणाली. "त्या आठवड्यात माझ्या नाईट्स होत्या आणि बदली कोणी मिळेना."

मी हसून हसून बेजार! त्या दिवसापासून मी तिला राणीसाहेब म्हणायला लागले, आधी चेष्टेत, मग खरंच.

पुढे माझ्या मुलीचं बाळंतपण राणीसाहेबांच्याच हातून झालं. नात बाहेर आली, खणखणीत रडली, आणि मी पिशवीतून दुपटं काढलं. माझ्या आईच्या जुन्या सुती साडीचं, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं. राणीसाहेबांनी ते हातात घेतलं, गालाला लावलं आणि तशाच उभ्या राहिल्या.

"अगं, पोर गारठेल!" मी ओरडले.

दुसऱ्या दिवशी डब्यावर तिने सगळं सांगितलं. गावात तिने दोन खोल्यांचं प्रसूतिगृह बांधून घेतलं होतं. खाट होती, दिवे होते, नर्स होती. पण ज्यांना सगळ्यात जास्त गरज, त्याच बायका यायच्या नाहीत. बाळाला गुंडाळायचं कापड आईने घरून आणायचं, अशी तिथली रीत. कोणी काय आणलंय ते सगळ्या बघणार. जिच्याकडे धड कापडच नाही, ती लाजेने घरीच बाळंत होणार. गेल्या वर्षी एक पोरगी अशीच घरात रक्त जाऊन गेली.

"मी इथे लीड्समध्ये सगळ्यांच्या लेकी सोडवते," ती म्हणाली, "आणि माझी एक पोर कापडाच्या तुकड्यापायी गेली." तिने डबा बाजूला सारला. "तसल्या जुन्या साड्या मिळतील मला? दारातच रचून ठेवीन. मग कोणी हात हलवत आली तरी चालेल." गावाकडे सामान नेणारा जहाजाचा कंटेनर सोमवारी बंद होणार होता.

मी पेटलेच! त्याच संध्याकाळी आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं: रविवारी राणी येणार, जुन्या सुती साड्या आणा, जुन्याच आणा, धुतलेल्या, मऊ. लगेच आमच्या सेक्रेटरी काकूंचा फोन.

"अगं, राणीला जुनेर द्यायचं? शोभतं का? मंडळाची काही इज्जत आहे की नाही?"

"काकू, तिनेच मागितलंय!"

"ती मागेल गं, ती मोठ्या मनाची. आपल्याला कळायला नको?"

पालथ्या घड्यावर पाणी. रविवारी मंदिराच्या हॉलमध्ये टेबलावर पाहते तो काय, सगळ्या नव्याकोऱ्या! झुळझुळीत, जरीच्या, काही तर अजून प्लास्टिकमध्ये. त्यांत एका दिवसाचं पोर गुंडाळलं तर अंग सोलून निघेल. कडेला माझं एक गाठोडं, आईच्या साड्यांचं. माझं डोकं असं फिरलं म्हणता! पण बोलायला वेळच मिळाला नाही, कारण दारात राणीसाहेब आल्या होत्या.

काय सांगू! रोज हॉस्पिटलच्या निळ्या स्क्रब्जमध्ये पाहिलेली ती हीच का? खांद्यावरून वस्त्र, गळ्यात सोनं, चाल अशी की बायका आपोआप उठून उभ्या राहिल्या. मला हुंदकाच आला. एवढ्यात काकू हात जोडून पुढे झाल्या, "या या राणीसाहेब! चपला मात्र बाहेर हं, आत देव आहेत."

राणीसाहेब थबकल्या. मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, "मला नाही काढता येणार. राणीचा उघडा पाय जमिनीला लागला तर गावावर संकट येतं, अशी आमची श्रद्धा आहे."

झाली का पंचाईत! तिची श्रद्धा मोडायची नाही, आमचा देव बाटवायचा नाही, आणि बाई दारातच. काकूंचा चेहरा पडला. आणि मला एकदम सुचलं.

"पायघड्या!" मी किंचाळले. "अहो काकू, पायघड्या घाला ना!"

मग जी धांदल उडाली! फराफर प्लास्टिक फाटलं, उंबऱ्यापासून खुर्चीपर्यंत नव्या साड्या उलगडल्या, एक बाई "अगं, माझी पैठणी!" म्हणून विव्हळली, पण ती चक्क स्वतःच्याच हाताने ती अंथरत होती. राणीसाहेबांनी चपला उतरवल्या आणि पहिलं पाऊल थेट जरीवर. टाळ्यांचा कडकडाट झाला. इकडे काकूंनी गाठोड्यातली आईची एक साडी काढून घडी करून खुर्चीपुढे ठेवली. "जुनीच आहे, पाय ठेवायला मऊ पडेल."

राणीसाहेब खुर्चीपर्यंत आल्या आणि थांबल्या. वाकल्या, ती जुनी साडी उचलली, झटकली, छातीशी धरली.

"ही बाळाची आहे," त्या म्हणाल्या. "हिच्यावर मी पाय ठेवणार नाही."

आणि मग उभ्या उभ्याच त्यांनी त्या गेलेल्या पोरीची गोष्ट सांगितली, कापडाची, लाजेची. काकू खाली बघत होत्या, पैठणीकडे. मग त्यांनी पर्समधून गाडीची किल्ली काढली.

"बायांनो, बघताय काय? घरी जा आणि कपाटं उपसा."

तासाभरात हॉल जुन्या साड्यांनी भरला, कापराच्या आणि कपाटांच्या वासाने सुद्धा. काकू सगळ्यात शेवटी आल्या. त्यांच्या हातात त्यांच्या आईची विटकी इरकल होती. ढिगावर ठेवण्याआधी त्यांनी ती एकदा नाकाशी धरली. नव्या साड्या परत घड्या होऊन पिशव्यांत गेल्या. आता त्या मंडळात वाढदिवसांना फिरतायत. माझ्याकडे त्यांतल्या दोन येऊन गेल्या.

कंटेनर सोमवारी गेला. उन्हाळा लागताच नेहमीप्रमाणे राणीसाहेब गावी गेल्या, आणि एका सकाळी फार्मसीत गोळ्या मोजताना फोन वाजला. त्यांचा व्हॉइस मेसेज होता. मागे एक बाळ केकाटत होतं.

"ऐकतेस? आज एक बाई आली," त्या हसत होत्या की रडत होत्या, मला कळेना. "डोंगरापलीकडून चालत आली. हात हलवत आली."